तीन वर्षं वाया जात नाहीत, घालवली जातात

गेल्या जूनमध्ये पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार होता. मारुतीच्या पारासमोर मांडव घातलेला, टेबलावर नारळ, शाली आणि ट्रॉफ्या. प्रमुख पाहुणे करिअर मार्गदर्शक होते. त्यांनी मुलांना अगदी तळमळीनं सांगितलं, "काहीही घ्या, पण बी.ए.ला इतिहास घेऊ नका. तीन वर्षं वाया जातील. मेलेल्या राजांच्या सनावळ्या पाठ करून कुणाचं पोट भरलंय?" टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत बारावी कला शाखेत पहिली आलेली मुलगी बसली होती. तिचे आईवडील दर दिवाळीच्या सुमारास कोयता बांधून कारखान्याच्या फडावर जातात. कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याजवळ आली. मी इतिहास शिकवतो हे तिला ठाऊक होतं. म्हणाली, "सर, मला इतिहास आवडतो. घेऊ का नको?"

त्या गर्दीत मी तिला "घे" एवढंच म्हणालो. एका शब्दाचं उत्तर पुरेसं नव्हतं. पाहुण्यांचं वाक्य त्यांच्या एकट्याचं नाही. ते मी एसटीत ऐकतो, लग्नाच्या पंगतीत ऐकतो, आणि इतिहास शिकवणाऱ्यांच्या स्टाफरूममध्येही ऐकतो. म्हणून हे पूर्ण उत्तर.

आधी त्या वाक्यात जे खरं आहे ते मान्य करतो. नेट, सेट, पीएच.डी. झालेली आमची मुलं-मुली वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवतात. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की पैसे बंद, आणि झालेल्या तासांची बिलंही महिनोन् महिने अडकलेली. माझा एक विद्यार्थी सकाळी एका गावात आणि दुपारी दुसऱ्या गावात शिकवायला मोटारसायकलवर जातो. त्याचं वय छत्तीस आहे आणि मुलीकडचे लोक "पर्मनंट आहे का?" एवढंच विचारून उठून जातात. शाळेत जायचं म्हटलं तर बी.एड., टीईटी, अभियोग्यता चाचणी आणि मग पवित्र पोर्टलची वाट पाहणं. या मुलांच्या डोळ्यांत पाहून "इतिहासात उज्ज्वल भवितव्य आहे" असं कुणी म्हणू नये. मीही म्हणत नाही.

पण हे दुखणं इतिहासाचं आहे का? त्याच कॉलेजात भौतिकशास्त्राचा माणूसही तासिका तत्त्वावर आहे, मराठीचाही आहे, गणिताचाही आहे. हे दुखणं भरतीचं आहे. सरकारनं जागा भरल्या नाहीत, याचा दोष विषयाच्या कपाळी का मारायचा? २०१५ च्या आगेमागे राज्यात अभियांत्रिकीच्या हजारो जागा रिकाम्या राहत होत्या आणि काही कॉलेजांना कुलूप लागलं. तेव्हा लोकांनी फीबद्दल, दर्जाबद्दल, वारेमाप दिलेल्या परवानग्यांबद्दल प्रश्न विचारले, आणि ते बरोबरच होतं. "यंत्रांचं शास्त्रच निरुपयोगी" असं कुणी म्हणालं नाही. हाच न्याय इतिहासाला का नाही? बी.कॉम. झालेला प्रत्येक जण सीए होत नाही, बी.एस्सी. झालेला प्रत्येक जण शास्त्रज्ञ होत नाही, तरी त्यांची तीन वर्षं वाया गेली असं आपण धरत नाही. पदवीच्या नावाचीच नोकरी असली पाहिजे, ही अट आपण फक्त इतिहासाला घालतो.

आता पाहुण्यांनी काढलेल्या पोटाच्याच प्रश्नावर येऊ.

सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळं कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. आधी मराठवाड्यासाठी, पुढं राज्यभर. तहसील, भूमी अभिलेख, शाळा, जन्म-मृत्यूची दप्तरं असं सगळं उपसायला घेतलं. त्या वेळी कचेऱ्यांना कमी पडली ती मोडी वाचणारी माणसं. कपाटात कागद होते, वर सरकारचा हुकूम होता, दारात अर्जदारांची रांग होती, आणि मधली ओळ वाचणारा नव्हता. ज्या राज्यात विसाव्या शतकाच्या निम्म्यापर्यंत मोडी लिहिली गेली, त्या राज्यात मोडी वाचणाऱ्याला शोधत फिरावं लागलं.

आणि हे काम एका आंदोलनापुरतं नाही. जात पडताळणीला प्रत्येक प्रवर्गाची एक तारीख आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या आधीचा पुरावा आणा, असं सांगितलं जातं. पुरावा म्हणजे बहुतेक वेळा आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला, नाहीतर कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना चौदा. नगर जिल्ह्यात दरवर्षी किती घरं या एका कागदापायी हैराण होतात, हे तहसीलच्या पायरीवर एक दिवस बसलं तरी कळतं. ज्याचा बाप-आजा पालं ठोकत गावोगाव फिरला, त्याच्या जन्माची नोंद कोणत्या गावच्या दप्तरात पडली असेल? कुणी केली असेल, कोणत्या नावानं केली असेल? हा प्रश्न कायद्याचा दिसतो, पण तो सोडवण्याची रीत इतिहासाची आहे. नोंद कोण ठेवत होतं, कशासाठी ठेवत होतं, कोणाची ठेवत नव्हतं, हे माहीत असणाराच दुसरी वाट शोधू शकतो.

असं एक पान जवळून पाहा. मोडीत आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढतात आणि मग अक्षरं तिला टांगत जातात. लेखणी शक्यतो उचलायची नाही. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, विरामचिन्हं नाहीत. गावाचं नाव कुठं संपलं आणि माणसाचं कुठं सुरू झालं, हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. जातीच्या रकान्यात अनेकदा एकच अक्षर आणि पुढं टिंब. ते अक्षर त्या कारकुनाच्या हातात कसं वळतं, हे त्याच वहीतल्या आधीच्या दहा पानांवर पाहून पक्कं करायचं असतं. एका अक्षराच्या वळणावर एखाद्या पोराचा वैद्यकीय प्रवेश अडतो.

तारखेचंही तसंच. मार्च १७९५ मध्ये आपल्याच जामखेड तालुक्यात खर्ड्याला मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. त्या वेळच्या मराठी कागदांवर १७९५ हा आकडा सापडायचा नाही. तिथं असतं 'खमस तिसैन मया व अलफ'. खमस म्हणजे पाच, तिसैन नव्वद, मया शंभर, अलफ हजार. झाले ११९५. हा सुहूर सन. तो मृग नक्षत्रावर बदलतो, म्हणून जानेवारी ते मे यांमधल्या कागदाला सहाशे मिळवायचे आणि पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला पाचशे नव्व्याण्णव. हे माहीत नसलेला माणूस एका वर्षानं चुकतो, आणि वतनाच्या, इनामाच्या किंवा देवस्थानच्या जमिनीच्या दाव्यात एक वर्ष म्हणजे आधीचा मालक की नंतरचा, एवढा फरक असतो. माझ्याकडं शिकलेला एक मुलगा आज वकिलांसाठी असेच कागद वाचून देतो. त्याच्या बोटांना शाई नसते, मोबाइलवर काढलेले फोटो तो मोठे करून वाचतो, आणि पक्षकार त्याच्यासाठी थांबतात. त्यानं इतिहासच घेतला होता.

"सनावळ्या पाठ करणं" हा दुसरा आरोप. सनावळी हा इतिहास नाही, ती इतिहासाची बाराखडी आहे. इतिहास काय असतो हे दायमाबादनं दाखवून दिलंय. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना चार पितळी वाटाव्यात अशा वस्तू सापडल्या. त्या ब्राँझच्या निघाल्या. दोन बैल जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा, सगळं मिळून साठ किलोच्या वर वजन. रथ आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पुढं १९७५ ते १९७९ या काळात तिथं सविस्तर उत्खनन झालं आणि एकावर एक पाच संस्कृतींचे थर मिळाले. त्यांतला सर्वांत वरचा थर ज्या संस्कृतीचा, तिचं नाव आपल्याच संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून पडलेलं आहे, कारण १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथं ती प्रथम ओळखली.

पण त्या रथाचा काळ कोणता? उत्खनन करणाऱ्या साळींनी तो उत्तर हडप्पा काळातला मानला. इतर अभ्यासकांनी शंका घेतली. शंकेचं मूळ कुठं होतं? वस्तू शिस्तीच्या उत्खननात मिळाल्या नव्हत्या, खड्डा आधी खणला गेला होता, म्हणून त्या नेमक्या कोणत्या थरातल्या हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. वस्तू हातात आहे, सुंदर आहे, दुर्मीळ आहे, तरी तिच्याबद्दल किती बोलायचं आणि कुठं थांबायचं, हे थर ठरवतो. जो विद्यार्थी हे एकदा समजून घेतो, तो पुढं पतसंस्थेचं ऑडिट करो, पोलिसात जावो, वर्तमानपत्रात बातमी लिहो किंवा ग्रामपंचायतीचा ठराव तपासो, कागद समोर आला की आधी विचारतो, "हा आला कुठून?" या एका सवयीची किंमत फसवल्या गेलेल्या ठेवीदाराला विचारा.

"आता सगळं मोबाइलवर आहे, एआय दोन सेकंदांत सांगतं," हा तिसरा आणि सर्वांत ताजा आरोप. नगरहून पूर्वेला जाताना शहा डोंगरावर एक अष्टकोनी, तीन मजली इमारत दिसते. जिल्ह्यातलं कुठलंही पोर सांगेल, तो चांदबीबी महाल. फलकावर तेच, नकाशात तेच, फोटोखाली तेच. ती चांदबीबीची नाही. मुर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची ती कबर आहे. चांदबीबीनं मुघलांपासून वाचवला तो खाली दिसणारा भुईकोट किल्ला, १५९५-९६ च्या वेढ्यात. एक चूक हजार वेळा लिहिली गेली की यंत्र ती हजारपट विश्वासानं सांगतं, कारण यंत्र मोजतं, तपासत नाही. तपासायला माणूस लागतो. जितकं फुकटचं लिखाण वाढेल, तितकी तपासणाऱ्याची गरज वाढेल. म्हणजे ज्या गोष्टीनं इतिहास संपला असं सांगितलं जातं, त्याच गोष्टीनं त्याचं काम वाढवलंय.

चौथं वाक्य हितचिंतकांचं असतं: "इतिहास घे, पण एमपीएससीसाठी घे." हे अर्धं खरं आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाला पाचशे गुण आहेत आणि इतिहास हा तिथला जुना वैकल्पिक विषय आहे. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरातही तो आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली, म्हणजे पर्याय रंगवण्याचे दिवस गेले, आता लिहावं लागणार, आणि लिहिणं हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचं रोजचं काम असायला हवं. फायदा आहेच. तरी मी मुलांना सांगतो, यावर आयुष्य टांगू नका. लाखो अर्ज आणि मोजक्या जागा, हे गणित कुठल्याही विषयानं बदलत नाही. अभ्यासिकेत पाच-सहा वर्षं घालवून रिकाम्या हातानं परतलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांचं नुकसान इतिहासानं केलं नाही. इतिहासाचं कसब न शिकता नुसते नोट्सचे गठ्ठे वाचल्यानं ते झालं. परीक्षा निघाली तर उत्तम. नाही निघाली, तरी हातात दुसरं काही असलं पाहिजे.

पाचवा आक्षेप कुजबुजून घेतला जातो: इतिहास भांडणं लावतो. आपल्या जिल्ह्यानं नुकतंच नाव बदललंय. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, आणि त्यावर चावडीवर, व्हॉट्सअॅपवर काय काय बोललं गेलं, ते आपण सर्वांनी ऐकलंय. पंधराव्या शतकाच्या अखेरीस शहर वसवणारा अहमद निजामशहा आणि १७२५ मध्ये चौंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवी, दोघंही याच मातीच्या इतिहासातले. पण त्यांच्या नावानं तावातावानं बोलणाऱ्या किती जणांनी निजामशाहीत कापूरवाडी-भिंगारहून शहरात पाणी आणणाऱ्या खापरी नळांबद्दल वाचलंय? अहिल्यादेवींनी राज्याबाहेर काशीपासून रामेश्वरपर्यंत जी बांधकामं केली, त्यांचा खर्च कसा चालला, हे किती जणांनी विचारलंय? इतिहास शिकलेल्यांमुळं भांडणं होत नाहीत. न शिकलेल्यांच्या हाती तो पडतो तेव्हा होतात. गाव तापलेलं असताना शांतपणे "कागद काय म्हणतो ते पाहू" असं म्हणणारा एक माणूस प्रत्येक गावात असणं, ही पोलीस बंदोबस्तापेक्षा स्वस्त सोय आहे.

मग तीन वर्षं वाया का जातात? कारण आपण ती घालवतो, आणि इथं मी माझ्याच बाजूच्या लोकांना जाब विचारतो. भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात काँग्रेसचे नेते कैद होते. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथं लिहिलं आणि मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं. त्या किल्ल्याच्या दहा-पंधरा किलोमीटरच्या परिघात बी.ए. इतिहास करणाऱ्या मुलांपैकी अनेकांनी तो आतून पाहिलेला नसतो. १९६० पासून शहरात ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे, तिथं मोडी कागद आहेत, नाणी आहेत, चित्रं आहेत, आणि आमचे वर्ग तिथं वर्षातून एकदा सहल म्हणून जातात, फोटो काढतात आणि परततात. पदवीच्या तीन वर्षांत एकही मूळ कागद हातात न घेता विद्यार्थी इतिहासाचा पदवीधर होतो. प्रयोगशाळा न पाहिलेला रसायनशास्त्राचा पदवीधर आपण खपवून घेतला असता का? गाइडमधून दिलेले प्रश्न, त्याच गाइडमधून काढलेला पेपर, त्याच गाइडवर दिलेले गुण. हा वाया जाणारा वेळ आहे. पण हा इतिहास नाही.

हे बदलणं पैशांवर अडलेलं नाही. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्र-प्रकल्प आणि प्रत्यक्ष काम करून शिकण्याला श्रेयांक आहेत. ते श्रेयांक तालुक्याच्या अभिलेख कक्षात, संग्रहालयात, ग्रामपंचायतीच्या जुन्या दप्तरात कमावता येतात. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, ते आपल्या कॉलेजात बोलावता येतात. पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि १९१० पासूनचं भारत इतिहास संशोधक मंडळ नगरहून सकाळच्या एसटीनं गाठता येतं. सरकारनंही आपलं काम करावं. प्रत्येक जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात मोडी जाणणाऱ्याचं कायम पद का नसावं? जात पडताळणी समितीकडं प्रशिक्षित वाचक का नसावा? जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा झाले, त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत. या किल्ल्यांवर माहिती सांगणारी, नोंदी ठेवणारी, डागडुजीवर लक्ष देणारी शिकलेली माणसं नको आहेत का? आपल्या जिल्ह्यात तर शिर्डीला रोज देशभरातून माणसं उतरतात आणि दोन तासांत परततात. त्यांना रतनवाडीच्या अमृतेश्वरापर्यंत, पेडगावच्या किल्ल्यापर्यंत, नेवाशापर्यंत नेणारी आणि खरं सांगणारी माणसं कोण तयार करणार?

त्या मुलीला मी जुलैत पुन्हा भेटलो. ती वडिलांना घेऊन आली होती. वडील कमी बोलणारे. त्यांनी एकच विचारलं, "सर, पोरीचं वर्ष फुकट जाणार नाही ना?" ऊसतोडीच्या उचलीवर वर्ष काढणाऱ्या माणसाचा हा प्रश्न पाहुण्यांच्या भाषणापेक्षा मोलाचा आहे, कारण तो विषयाबद्दल नाही, हमीबद्दल आहे. मी त्यांना हमी दिली नाही. प्रवेश घेण्याआधी टेबलापलीकडच्या माणसाला विचारायचे तीन प्रश्न मी त्यांना कागदावर लिहून दिले, आणि तेच प्रत्येक आईबापानं विचारावेत असं माझं म्हणणं आहे.

पहिला: तुमच्याकडं पहिल्या वर्षापासून मोडी शिकवतात का? दुसरा: तीन वर्षांत माझ्या मुलीच्या हातात किती मूळ कागद, किती नाणी, किती शिलालेखांचे ठसे येणार? तिसरा: ती शेवटच्या वर्षी स्वतः शोधून, तपासून, आपल्या भाषेत पंचवीस पानं लिहील का, आणि ती कोण वाचणार?

उत्तर "हो" आलं तर नाव घाला. "नाही" आलं तर दुसरं कॉलेज बघा. विषय बदलू नका.